दोन दहाची बस

१२ जानेवारी
सकाळी साडेआठ. दाब १००७.५ मिलीबार. आकाश कोरं, म्हणजे माझ्या कामाचं काहीच नाही.

पाराबाई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचा डिसेंबरचा तक्ता पोचला. माझाही जोडतो आहे. लेक कपाळाला हात लावते. म्हणते, "बाबा, हवेचा दाब फोनवर दिसतो. रोज उठून त्या नळीपुढे उभं राहायचं काय नडलंय?" तिला काय सांगणार? आपल्या हवामान केंद्रात आपोआप नोंदी घेणारं यंत्र बसवलं आणि आपल्याला घरी पाठवलं, त्याला बारा वर्षं झाली. जाताना साहेबांनी मोडीत काढलेले दोन पाऱ्याचे दाबमापक आपल्या गळ्यात मारले, एक तुम्हाला, एक मला. मोडीत निघालेल्यांना मोडीत निघालेलं. पण सकाळी साडेआठला मी इथे नळीपुढे उभा असतो आणि त्याच मिनिटाला तुम्ही तिकडे तुमच्या नळीपुढे उभ्या असता, हे कुठल्या फोनवर दिसणार?

निवृत्ती छान चालली आहे हो. दुपारची झोप घेतो आणि त्याबद्दल कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. चित्रकलेच्या वर्गात नाव घातलंय. सहा महिन्यांत चाळीस ढग काढले. शिकवणारी मुलगी परवा म्हणाली, "काका, खाली काहीतरी काढा की, एखादं घर, झाड." मी म्हटलं, बाई गं, नोकरीभर वरच बघत होतो, खाली काय असतं ते मला विचारू नकोस. केंद्रात मला ढगोबा म्हणायचे ते उगाच नाही. तुम्हाला पाराबाई का म्हणायचे ते मी पत्रात लिहीत नाही, कारण तो अजून चढतो.

तर मुद्द्याचं. बाई, बावीस वर्षं आपण एकाच खुर्चीवर बसलो, पण एकत्र कधी बसलो? तुमची पाळी सकाळची, माझी दुपारची. मी दोनला यायचो. तुम्ही आकडा मोठ्याने वाचायचात, मी तो परत म्हणून वहीत लिहायचो, दोघांच्या सह्या व्हायच्या, आणि तुम्ही पर्स उचलून दोन दहाच्या बसला पळायचात. मी आलो की तुम्ही निघालात. त्या दहा मिनिटांत तुम्ही मला तुमचं अंगण सांगितलंत. लिंबाचं झाड, त्याखालचा दगडी बाक, हे सगळं मला न बघता पाठ आहे.

आता कुणाला कसली बस नाही. मार्चमध्ये येऊ का? मुक्काम हॉटेलात करीन, घाबरू नका. त्या बाकावर एक अख्खी दुपार बसायचं आहे, बस्स.

आपला,
ढगोबा


२३ जानेवारी
सकाळी साडेआठ. दाब १०१३.८. धुकं होतं, नऊला गेलं.

ढगोबा, नमस्कार.

येऊ का म्हणून विचारता? शहाणेच आहात! बारा वर्षं मी वाट बघतेय की हा माणूस स्वतःहून कधी विचारतोय. मार्चमध्ये या. लिंबाला फुलं आलेली असतील, बाकावर सावली असेल. अंगणात मी पांढरी जाळीची पेटी बसवलीय, केंद्रासारखीच, त्यात तापमापक आहेत. कोपऱ्यात पर्जन्यमापक आहे. फाटकातून आत आलात की आपण कामावर आलो असंच वाटेल तुम्हाला.

माझंही मजेत आहे. हलक्या व्यायामाच्या वर्गाला जाते. तिथे मी सगळ्यात लहान, एकाहत्तर. बाकीच्या मला "ए पोरी" म्हणतात, इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! शिकवणारा सांगतो, हात वर करा, आणि सगळ्या जणी आपापले हात कितपत वर गेले ते बघत बसतात. नाटकाला जाते, पहिल्या अंकात झोपते, दुसऱ्या अंकात शेजारणीला गोष्ट विचारते. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली, एकटीने राहायची सवय झालीय. मुलगा मागच्या गल्लीतल्या त्या उंच इमारतीत राहतो. रोज येऊन "आई, आमच्याकडे चल" हा जप करतो. मी त्याला चहा पाजून परत पाठवते.

एक विचारू? तुमचं अक्षर एवढं मोठं का व्हायला लागलंय? पूर्वी एका पानात महिना बसवायचात. कागद फुकट मिळतो का तिकडे?

हॉटेलचं बघू नका. चांगलं आहे ते कळवते मी.

तुमची,
पाराबाई


४ फेब्रुवारी
सकाळी साडेआठ. दाब १००६.०. पश्चिमेला पिंजलेले ढग, बहुतेक.

पाराबाई, सप्रेम नमस्कार.

तिकीट काढलं! चौदा मार्च, गाडी तुमच्याकडे दुपारी दोनला पोचते. वेळ मी मुद्दाम निवडलेली नाही, पण कळल्यावर एकटाच हसलो.

अक्षर मोठं झालं कारण मन मोठं झालं. पुढे.

परवा डॉक्टरकडे गेलो होतो, किरकोळ कामाला. माझा नंबर चौऱ्याहत्तरावा. बाहेर सगळी आपलीच पिढी. मी शेजारच्याला म्हटलं, आपल्या आयांनी काय ठरवलं होतं हो? लढाई संपली आणि घरोघरी एकदमच पाळणे हलले. शाळेत एका बाकावर पाच जण, नोकरीच्या रांगेत पाचशे, घराच्या यादीत पाच हजार. वाटलं, म्हातारपणी तरी जरा ऐसपैस मिळेल. तर इथेही रांग! तो म्हणाला, पुढच्या रांगेचं तर बोलूच नका. सगळा व्हरांडा हसला. आमच्यात काठ्या किती आणि खऱ्या दातांचे किती याची मोजणी झाली, तेवढ्यात नंबर आला.

बाई, एक कबूल करतो. सौ. गेल्यापासून घरात कुणी मला आकडा मोठ्याने वाचून दाखवलेला नाही. मीच वाचतो, मीच परत म्हणतो. वेड्यासारखं वाटतं, पण सुटत नाही. चौदा तारखेला आपण नळीपुढे उभे राहू, तुम्ही वाचा, मी लिहितो. मग बाकावर.

मोजून अडतीस दिवस राहिले.

आपला,
ढगोबा


(चौदा फेब्रुवारी आणि दोन मार्चच्या त्याच्या दोन कार्डांना उत्तर आलं नाही. मग हे आलं.)

९ मार्च
सकाळी साडेआठ. दाब १००६.९.

ढगोबा, नमस्कार.

मध्ये पत्र लिहायला जमलं नाही, घरात गडबड होती. चौदा तारखेचं तिकीट कृपा करून रद्द करा. रंगकाम काढलंय, सगळीकडे पसारा. बसायलाही जागा नाही. पुन्हा कधीतरी बघू.

यापुढे पत्रं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या पत्त्यावर पाठवा, पत्ता मागे लिहिलाय. फाटकात कुत्रा असतो, त्याला पोस्टमन घाबरतो.

लिंबाला खूप फुलं आली आहेत.

तुमची,
पाराबाई


७ एप्रिल
सकाळी साडेआठ. दाब १००३.५. ढग असावेत.

पाराबाई, नमस्कार.

तिकीट रद्द केलं. खिडकीतल्या मुलीने कारण विचारलं. मी म्हटलं, रंगकाम. तिने खरंच तसं लिहून घेतलं.

खोटं कशाला बोलू, चौदा तारखेला दुपारी दोन वाजता इस्त्रीचा सदरा घालून घरातच बसलो होतो. लेकीने विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, कुठे नाही, सदरा कसा बसतो ते बघत होतो. दहा मिनिटं बसलो आणि काढून ठेवला.

कुत्रा कधीपासून पाळलात? केंद्रात एकदा कुत्र्याचं पिल्लू शिरलं तर तुम्ही टेबलावर चढला होतात आणि तिथूनच मला आकडा वाचून दाखवला होतात.

आणखी एक. रागवू नका, पण तुमचा दाबमापक आजारी पडलाय. आमचं गाव तुमच्यापेक्षा जरा उंचावर, म्हणून इतकी वर्षं तुमचा आकडा माझ्यापेक्षा सहाने वर असायचा. साल बदललं, ऋतू बदलले, पण हे सहा कधी हलले नाहीत. तुमच्या मार्चच्या तक्त्यात मात्र फरक जेमतेम दोन. एका दिवशी नव्हे, रोज! नळीत हवा शिरली असणार. उलटी करून बघा, पारा ठणकन वाजला पाहिजे. नाहीतर त्याला निवृत्त करा, वय झालंच आहे. आपल्यासारखंच.

आणि पावसाचा रकाना रिकामा का? पेपरात तर तुमच्याकडे अवकाळी सर पडल्याचं आलं होतं.

रंग कुठला दिलात?

ढगोबा


१४ एप्रिल
सकाळी साडेआठ. दाब १००५.३. अर्धं आकाश ढगाळ. मी मोजलेलं आहे, "असावेत" नाही.

ढगोबा,

माझ्या दाबमापकाला आजारी म्हणायचं काम नाही! नळी स्वच्छ आहे, पारा वाजतो, मी तीनदा तपासलं. आकडा आहे तो आहे. बावीस वर्षांत माझा एक तरी आकडा खोडावा लागला होता का तुम्हाला? तुमचे मी दोनदा खोडलेत, तारखा सांगू?

पर्जन्यमापकाला गळती लागली आहे, म्हणून पाऊस मोजला नाही. जे मोजलं नाही ते मी लिहीत नाही.

कुत्रा शेजाऱ्यांचा आहे. रंग पांढरा.

उन्हाळा आता तापेल. मग पाऊस. तुम्ही या वयात एवढा प्रवास कशाला करता? पत्रं आहेतच की. त्या अंगणात बघण्यासारखं तरी काय आहे, एक झाड आणि एक दगड. सांगायचं ते मी सगळं सांगितलेलंच आहे तुम्हाला.

पाराबाई


२९ एप्रिल
सकाळी साडेआठ. दाब १००१.०.

पाराबाई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि मी आठ दिवस घरातून बाहेर पडलो नाही. चित्रकलेच्या वर्गालाही गेलो नाही. मला वाटलं, झालं, नकोसे झालो आपण. म्हातारा बाकावर बसायचं म्हणतो, मग हात धरायचं म्हणेल, लोक काय म्हणतील, असं तुम्हाला वाटलं असेल. साहजिक आहे, असं मनाशी म्हणत होतो. पण साहजिक आहे म्हटल्याने दुखायचं थांबत नाही.

नवव्या दिवशी तुमचे तक्ते काढून बसलो. म्हटलं, या बाईने मला काहीही सांगावं. रंगकाम सांगावं, कुत्रा सांगावा. कुत्र्यावर तर मी एक मिनिटही विश्वास ठेवला नाही. पण आकडा? तुम्ही आणि खोटा आकडा? तुम्हाला ताप चढला होता तेव्हाही तुम्ही दशांश सोडला नव्हता. म्हणजे आकडा खरा. नळी शाबूत, तेही खरं. मग दाब रोज चाराने कमी कसा? हवा तीच, गाव तेच. तर मग, बाई, तुम्हीच वर गेलेल्या आहात.

चार मिलीबार म्हणजे तेहतीस-चौतीस मीटर. तीन मीटरचा एक मजला धरला तर अकरावा. तुमचा मुलगा मागच्या गल्लीत उंच इमारतीत राहतो. तिथे पर्जन्यमापक ठेवायला उघडी जमीन नाही, म्हणून पावसाचा रकाना कोरा. तक्त्यात फेब्रुवारीचे सतरा दिवसच नाहीत, नोकरीत तुम्ही सलग सतरा दिवस कधी रजा घेतली नव्हतीत.

काय झालं ते मला सांगा. अंगण राहिलं नाही, हे मला आकड्याने कळलं. ते तुमच्याकडून का कळलं नाही, एवढंच मला लागलंय.

आपला,
ढगोबा


९ मे
सकाळी साडेआठ. दाब १००२.३. दहावा मजला.

ढगोबा,

दहावा. खाली गाड्या उभ्या करायचा मजला आहे, तो तुम्ही धरलात. धरायलाच हवा, जमिनीपासून अकरावाच होतो. तुमची बेरीज बरोबर आहे, मला मेलीला पकडलंत.

ऐका आता. अकरा फेब्रुवारीला न्हाणीघरात पाय घसरला. पडून राहिले, दोन तास. हाक मारत होते पण अंगण ओलांडून आवाज जाईना. ज्या अंगणाचं मी एवढं कौतुक केलं, त्यानेच माझा आवाज अडवला. सुदैवाने हाड मोडलं नाही, पण मुलाचा धीर मोडला. तो माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला हो. मग मी चल म्हटलं. पंधरा दिवसांत घराचा सौदा झाला. कुणी जबरदस्ती केली नाही, सूनही चांगली आहे. खोली हवेशीर आहे. मी हो म्हटलं, हसून म्हटलं, आणि सामान बांधलं.

दाबमापक मात्र कुणाच्या हाती दिला नाही. उलटा करून, दुलईत गुंडाळून, मांडीवर घेऊन गाडीत बसले. ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "काकू, बाळ किती महिन्यांचं?" मी म्हटलं, साठ वर्षांचं आहे, हळू चालव.

तुम्हाला का सांगितलं नाही? कारण तुम्हाला अंगणात यायचं होतं. बावीस वर्षं मी तुम्हाला दहा-दहा मिनिटं अंगणच तर दिलं. दुसरं काय होतं माझ्याकडे सांगण्यासारखं? घरी आजारी सासू, परीक्षेतली मुलं, ह्यांचा रक्तदाब, हे का सांगायचं असतं? लिंब, बाक, चिमण्या. तुम्ही पेन हातात धरून ऐकत राहायचात. मला वाटायचं, हा माणूस त्या बाकावर येऊन बसतो मनाने. आता बाकच नाही तर हा येऊन बसणार कुठे? सुनेच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर, पाय जुळवून? तिकीट रद्द करा असं लिहिलं आणि पाकीट बंद केलं. चौदा तारखेला दुपारी दोनला मीसुद्धा नवी साडी नेसून बसले होते, कळलं? सून म्हणाली, आई, कुठे निघालात? मी म्हटलं, घडी मोडतेय.

माझ्या गॅलरीतून खाली बघितलं की जुनं घर दिसतं. नव्या लोकांनी लिंब काढला आणि फरशी घातली. मी तुम्हाला फुलं आली म्हणून लिहिलं, त्या दिवशी सकाळी झाड तोडत होते. सगळं खोटं लिहिलं मी. फक्त आकडे खोटे लिहिता येईनात. दोनदा पेन टेकवलं, चार मिळवू म्हटलं, कोण बघतंय? नाही जमलं. मोठे साहेब मागे उभे आहेत असं वाटलं. आणि खरं सांगू का, कुठेतरी असंही वाटलं की जगात एकच माणूस आहे जो हे चार बघेल. बघू दे त्याला.

झालं माझं? आता तुमचं काढते. मला शहाणपण शिकवताय, पण तुमचे तक्ते मीही वाचते. तुमचे आकडे बघा. साडेसात. सहा पूर्ण. साडेतीन. एक पूर्ण. गेल्या ऑगस्टपासून तुमचा प्रत्येक आकडा एकतर शून्यावर संपतो नाहीतर पाचावर! हवा अशी वागते होय? ज्याला दशांश वाचायची ती सरकती बारीक पट्टी दिसत नाही, तो माणूस असा अंदाजपंचे लिहितो. तुम्ही लिहिता, "ढग असावेत", "बहुतेक". तुम्ही? ज्यांना झोपेत ढगाचं नाव सांगता यायचं ते तुम्ही? अक्षर बोटभर झालंय. "किरकोळ कामाला" कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात? सगळा व्हरांडा हसवून आलात, पण कशाचा व्हरांडा होता ते लिहिलं नाहीत.

माझ्यावर रागावलात ना, मी सांगितलं नाही म्हणून? मीही रागावले आहे. पारा चढलाय, आणि त्याखाली भीती आहे. खरं ते लिहा.

तुमची,
पाराबाई


१८ मे
सकाळी साडेआठ. दाब हजारच्या आसपास. दशांश दिसत नाही.

प्रिय पाराबाई,

हा पहिला खरा आकडा, ऑगस्टनंतरचा. लिहिताना लाज वाटली, आणि लिहून झाल्यावर बरं वाटलं.

डोळ्यांचाच व्हरांडा होता. डाव्याचं गेल्या वर्षीच आटोपलं. उजव्यात मधोमध एक धूसर डाग आहे आणि तो वाढतोय. कडेकडेचं दिसतं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नेमकं पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने जाणार नाही, इंजेक्शनांनी थोडा रेटता येईल, साल, दीड साल. म्हणून जानेवारीत तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणता अंगणासाठी. अहो बाई, अंगण मला पाठ आहे! पाठ असलेली गोष्ट बघायला कोण एवढा प्रवास करतो? मला तुम्हाला बघायचं होतं, दिसतंय तोवर. हे असं सरळ लिहायला मला बारा अधिक बावीस वर्षं लागली. त्या बावीस वर्षांत काही नव्हतं, आपण दोघं आपापल्या घरचे होतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण रोज पावणेदोनला मी आरशात भांग बघायचो, हेही खरं आहे, आणि नोंदलं गेलेलं नाही.

तुमची पत्रं भिंगाखाली एकेक शब्द सरकवत वाचतो. एका पत्राला सबंध दुपार लागते. तक्रार नाही. दहा मिनिटांत उरकायचो त्यापेक्षा हे कितीतरी बरं. "घडी मोडतेय" या ठिकाणी भिंग ठेवून अर्धा तास बसून राहिलो. तुमचं पडणं वाचलं तेव्हाही बसलो होतो, पण त्याबद्दल समोर बोलू, कागदावर नको.

सरळ बघितलं तर तुम्ही दिसणार नाही. जरा बाजूला नजर ठेवावी लागेल, म्हणजे कडेने तुम्ही नीट दिसाल. अवघड वाटून घेऊ नका. बावीस वर्षं मी तुमच्याकडे तसाच बघत आलोय.

लेकीला सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग तिने स्वतः तिकीट काढलं. म्हणाली, बाबा, आता रद्द करायचं नाही. ती मला गाडीत बसवून देईल. उतरवून घ्यायचं काम तुमचं. दोन जून. सुनेच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर, पाय जुळवून बसायची माझी तयारी आहे. गॅलरीत दोन खुर्च्या मावत असतील तर उत्तमच. नळीपुढे उभे राहू. दशांश तुम्ही वाचा, मी परत म्हणतो आणि लिहितो. माझं अक्षर आता असं आहे की दहाव्या मजल्यावरून खालच्यांनाही वाचता येईल.

गाडी दुपारी दोनलाच पोचते. एकच विनंती. मी आलो म्हणून सवयीने पर्स उचलू नका. त्या दिवशी दोन दहाची बस जाऊ द्या.

तुमचा,
ढगोबा